पायलटबाईंचं खोटं-खोटं विमान

हजेरी झाली की बालवाडीतलं विमान सुटायचं. ‘विमान सुटत नाही हो, उडतं,’ असं एकदा कुणी पालक म्हणाले, तर बाईंनी त्यांना दारातच ऐकवलं, ‘आधी सुटतं, मग उडतं. सुटलंच नाही तर उडणार काय, कप्पाळ?’ बाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. बालवाडी ज्या गल्लीत आहे तिथे सायकल दुरुस्तीवाल्यापासून लाँड्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना पायलटबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. बाईंना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, फक्त कबूल करायची तयारी नाही.

विमान म्हणजे काय, तर छोट्या लाकडी खुर्च्या दोन बाजूंना मांडलेल्या आणि मधून जाण्यायेण्यापुरती वाट. पंख म्हणून दोन जुने पलंगपोस, त्यांची टोकं खिडक्यांच्या गजांना बांधलेली. कमरेचे पट्टे म्हणजे चादरींच्या किनारी फाडून केलेल्या नाड्या. बाई सगळ्यांत पुढे, हातात पुठ्ठ्याची लांब नळी, तिच्यातून घोषणा व्हायच्या. आणि इंजिन? ते छताला. म्हणजे पंखा. त्याचा रेग्युलेटर मावशींच्या ताब्यात. मावशी म्हणजे बालवाडीत झाडलोट करणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या आणि वेळप्रसंगी बाईंना सुद्धा दम देणाऱ्या मावशी. विमानात त्या कंडक्टर. विमानात कंडक्टर नसतो, हवाई सुंदरी असते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण ‘आता या वयात सुंदरी कुठे होत बसू,’ म्हणून त्या कंडक्टरच राहिल्या. गळ्यात पिशवी, हातात पितळी घंटी. घंटी वाजली की पंखा एकवरून दोनवर, दोनवरून तीनवर, आणि पाचवर गेला की भिंतीवरची चित्रं फडफडायला लागायची.

आता हा सगळा पोरखेळ वाटेल, आणि तो होताच. पण बाईंची त्यात चलाखी होती. तिकिटावर एक आकडा आणि एक अक्षर असायचं. ‘तीन ग’ म्हणजे तिसरी रांग, खिडकीची जागा. ज्या पोरांना पाटीवर गिरवून गिरवून ‘ग’ येत नव्हता, त्यांना खिडकी पाहिजे म्हटल्यावर झटक्यात यायला लागला. सामान तराजूत घालायचं. ठोकळ्यांचं पारडं वर गेलं तर बॅग जड, मग काय काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एकानं खाऊचा डबा सोडून बाकी सगळं काढलं, त्याचं बाईंनी वर्गापुढे कौतुक केलं. मग तपासणी. खिसे उलटे करायचे आणि निघेल त्याचं नाव सांगायचं, रंग सांगायचा, गुळगुळीत की खरखरीत ते सांगायचं. खिशांतून काय काय निघायचं ते विचारू नका. एकदा एक जिवंत गोगलगाय निघाली आणि तिला मावशींनी अर्धं तिकीट दिलं.

सगळ्यात मानाची घोषणा शेवटी. पंखा पाचवर गेला की बाई नळीतून ओरडायच्या, ‘पाय वर!’ आणि सगळी पोरं एकदम पाय उचलून गुडघे पोटाशी घ्यायची. कारण उघड आहे. विमानानं जमीन सोडली म्हणजे पायांनीही सोडायला नको का? खुर्च्या तर जागच्या हलत नाहीत, मग आपण उडालो हे पोरांना कळणार कसं? शिवाय पुढच्याच्या खुर्चीला लाथा बसत नाहीत, हा वरचा फायदा. हा नियम बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता, पण इतकी वर्षं रोज ओरडून ओरडून त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत चालला होता.

कारण खरी गोष्ट अशी की पायलटबाई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. विमान राहू द्या, स्टुलावर उभं राहिलं तरी त्यांना गरगरायचं. भिंतीवर उंच काही टांगायचं असलं तर मावशी चढायच्या, बाई खालून ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ करायच्या. वरून वस्तू लहान दिसतात हे दाखवायला पोरांना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर न्यायचं असलं, की बाई जिन्यातच थांबायच्या. ‘मी इथे चपला सांभाळते,’ म्हणायच्या. इतक्या चपला, चोरणारा कोण? पण मावशी काही बोलायच्या नाहीत. त्या पोरांना कठड्याच्या आत उभं करून खालच्या सायकली दाखवायच्या, आणि वर्गात परत आल्यावर पोरं कागदाच्या खिडक्यांवर मुंगीएवढ्या सायकली काढायची.

एरवी ही भीती कुणाच्या वाटेला गेली नव्हती. पण बाईंची एकुलती एक लेक लग्न करून समुद्रापलीकडे गेली, तिथे नोकरीला लागली, आणि आई कधी येणार म्हणून विचारायला लागली. बाईंकडे कारणांचा तोटा नव्हता. एकदा नवे प्रवेश चालू होते. एकदा कुंड्यांना पाणी कोण घालणार होतं. दर वेळी बिचारी लेकच रजा काढून यायची. या वेळी मात्र तिला येणं शक्य नव्हतं. तिला दिवस गेले होते, पायांवर सूज येत होती, आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. ‘आई, बाळाच्या वेळी तू पाहिजेस,’ एवढंच ती म्हणाली. जावयानं तिकीट काढायची तयारीही दाखवली. बाई म्हणाल्या, बघते. बाईंचं ‘बघते’ म्हणजे काय हे लेकीला चांगलं माहीत होतं.

त्याच सुमाराला बालवाडीत तक्रार आली.

वर्गात एक मुलगी होती. वय पाच, बोलणं पंचावन्नचं. कमरेवर हात ठेवून ‘काय मेला पसारा हा,’ असं म्हणायची, म्हणून सगळे तिला आजीबाई म्हणत. ही आजीबाई आईवडिलांबरोबर खऱ्या विमानानं आत्याकडे जाऊन आली, आणि परतल्यावर तिचे वडील तिला सोडायला आले ते थेट बाईंसमोर येऊन उभे राहिले.

‘बाई, तुम्ही पोरांना हे काय शिकवलंय? विमान धावायला लागलं आणि ही जोरात ओरडली, पाय वर! मागच्या रांगेतल्या दोन पोरांनी घेतले सुद्धा. शेजारी एक गृहस्थ झोपले होते. त्यांना हिनं गदागदा हलवलं. म्हणते, काका, पाय उचला, तुमच्यामुळे विमान अडलंय! ते उचलेनात, तशी ही मोठ्यानं रडायला लागली. शेवटी आमच्या अख्ख्या रांगेनं पाय वर घेतले तेव्हा ही गप्प झाली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आणि विमानातून पळणार कुठे?’

मावशींना हसू आवरेना, त्या तोंडात पदर कोंबून मागे वळल्या. बाईंनाही हसू येत होतं. तेवढ्यात वडिलांनी अगदी सहज विचारलं, ‘पण बाई, तुम्ही कधी बसलायत का विमानात?’

एरवी बाईंनी या प्रश्नाचा भुगा केला असता. पण सगळा वर्ग पट्टे बांधून, मान वर करून त्यांच्याकडे बघत होता. बाईंचा चेहरा उतरला.

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

पोरं डोळे विस्फारून एकमेकांकडे बघायला लागली. पायलट कधी विमानातच बसली नव्हती! दुसऱ्या रांगेतून एक बारीक आवाज आला, ‘म्हणजे बाई, आपलं विमान खोटं?’

‘खोटं नाही रे राजा,’ बाई सावरून म्हणाल्या, ‘खोटं-खोटं.’

‘त्यात काय फरक?’

‘वा! फरक कसा नाही? एकदा म्हटलं की ते खोटं. त्यात समोरच्याला माहीत नसतं, तो फसतो. म्हणून खोटं बोललं की ओरडा बसतो. दोनदा म्हटलं की तो खेळ. त्यात सगळ्यांना माहीत असतं. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे ना, मावशी खरं विमान उडवत नाहीत?’

‘हो!’ सगळी ओरडली. मावशींनी मात्र थोडं वाईट वाटून घेतलं. वडिलांची समजूत पटली, ‘पाय वर’ यापुढे बंद करते असा शब्द बाईंनी त्यांना दिला, ते गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी शब्द पाळला. पंखा पाचवर गेला, घोषणा झाली नाही, आणि पोरांनी पाय आपले आपणच वर घेतले. आता यात बाईंचा काय दोष?

पण खरा फटका बसायचा होता तो त्याच आठवड्यात. मधल्या सुट्टीत पोरं डबे खात होती आणि लेकीचा फोन आला. बाई कपाटाजवळच्या कोपऱ्यात गेल्या. पाठ वळवली की पोरांना ऐकू येत नाही, असा जगातल्या सगळ्या शिक्षकांचा समज असतो.

‘अगं, यायचं तर फार आहे गं मनात. पण हा गुडघा. दोन पायऱ्या चढवत नाहीत बघ. खाली बसले की उठता येत नाही. एवढा प्रवास कसा झेपायचा?’

पलीकडून लेक म्हणाली, ‘बरं आई. गुडघ्याला जप. मी आता पुन्हा विचारणार नाही.’ चिडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही.

फोन ठेवून बाई तिथेच उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुणाचा तरी खडू गडगडत कपाटाखाली गेला आणि त्या पोरानं भोकाड पसरलं. सवयीचा हात. बाई खाली वाकल्या, दोन्ही गुडघे फरशीवर टेकवून कपाटाखाली खांद्यापर्यंत शिरल्या, खडू काढला आणि ताडकन उभ्या राहिल्या. समोर आजीबाई. एका हातात अर्धं बिस्किट, दुसरा कमरेवर.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘गुडघा दुखतो ते खोटं की खोटं-खोटं?’

‘मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये,’ हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. गेली कित्येक वर्षं ते अशा वेळी हमखास कामाला यायचं. पण या वेळी ते बाहेर पडेना. आपणच शिकवलेला धडा आपल्यावरच उलटला होता, आणि तोही बिस्किट खात खात.

‘खोटं,’ बाई म्हणाल्या.

‘एकदाच?’

‘एकदाच.’

‘ताईला माहीत होतं?’

‘नाही गं.’

‘मग खोटंच,’ आजीबाईनं निकाल दिला. ‘का बोललात?’

बाई छोट्या खुर्चीवर बसल्या. इतकी वर्षं जे लेकीला, मावशींना, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांनी पाच वर्षांच्या पोरीला सांगितलं. ‘मला भीती वाटते. विमानाची.’

आजीबाईला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं उरलेलं बिस्किट तोंडात टाकलं. ‘मग तुम्ही पायलट नका होऊ,’ ती म्हणाली. ‘तुम्ही प्रवासी व्हा.’

दुसऱ्या दिवशी बाई नळी घ्यायला गेल्या तर नळी आजीबाईच्या हातात आणि आजीबाई पुढच्या खुर्चीवर. कट शिजला होता आणि त्यात कंडक्टर सामील होत्या, हे मावशींच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. मावशींनी बाईंची पिशवी उलटी केली. खडू, रुमाल, चष्म्याची काडी, तीन कुलपांच्या किल्ल्या. बाईंनी एकेकाचं नाव, रंग, गुळगुळीत की खरखरीत, सगळं सांगितलं. एक उत्तर चुकलं, ते पुन्हा सांगायला लावलं.

‘कुठे जायचं?’ मावशींनी तिकीट फाडत विचारलं.

‘लेकीकडे.’

‘तीन ग. खिडकी.’

‘मावशी, मला मधली वाट द्या हो. खिडकी नको.’

‘बाकी सगळं भरलंय,’ मावशी म्हणाल्या. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

बाई त्या एवढ्याशा खुर्चीत कशाबशा मावल्या. नाडी कमरेला पुरेना, म्हणून मावशींनी दोन नाड्या जोडल्या. पोरं खिदळली. मग नळीतून आवाज आला, बाईंचाच आवाज, फक्त बारीक केलेला. ‘हे विमान ताईकडे जातंय. मध्ये कुठेही थांबणार नाही. ज्यांना शू लागली असेल त्यांनी आत्ताच जाऊन या.’ एक जण जाऊन आला. घंटी वाजली. पंखा एकवर, दोनवर, तीनवर.

‘कुणाला भीती वाटत असेल तर सांगा,’ आजीबाई म्हणाली. ‘भीती वाटलेली चालते. शेजारच्यानं हात धरायचा. पण आधी नाक पुसायचं.’

हा नियम बाईंचा. पहिल्या दिवशी आईचा हात सोडून आलेल्या पोरांसाठी त्यांनी तो केला होता, आणि नाकाची अट अनुभवातून आली होती. शेकडो पोरांचे हात या नियमानं धरले गेले होते. बाईंचा कुणी धरला नव्हता, कारण बाई नेहमी पुढे बसलेल्या.

‘मला वाटते,’ बाई म्हणाल्या.

शेजारच्या पोरानं बाहीला नाक पुसलं आणि आपला चिकट, गरम हात त्यांच्या हातात दिला. पंखा पाचवर गेला. चित्रं फडफडली. खुर्ची तसूभरही हलली नव्हती, हे काय बाईंना ठाऊक नव्हतं? तरी त्यांनी दुसऱ्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांपुढे लेक आली. तिला पहिल्यांदा शाळेत सोडली तेव्हा तिनं मागे वळून बघितलं होतं. तीच आता तिकडे परक्या गावात बाळाची वाट बघत होती, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. बाईंना रडू आलं. चांगलं घळाघळा आलं.

‘पाय वर!’ आजीबाई ओरडली.

सगळ्यांनी घेतले. बाईंनीही घेतले. दोन नाड्या जोडलेली गाठ सुटली ती सुटलीच.

त्या दिवशी घरी जाताना बाईंनी जावयाला फोन केला. ‘काढा तिकीट,’ म्हणाल्या, आणि विचार बदलेल या भीतीनं लगेच फोन बंद केला. गुडघ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. तेवढं राहिलं.

खऱ्या विमानात कंडक्टर नव्हता, याचं बाईंना वाईट वाटलं. आवाजही कसला तो! पंखा कितीवर होता कोण जाणे. शेजारी एक सुटाबुटातले साहेब होते, कानात काहीबाही घालून बसलेले. बाईंनी त्यांच्या बाहीला हलकेच हात लावला. ‘मला भीती वाटते,’ त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. साहेबांनी कानातलं काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘मला पण. दर वेळी वाटते.’ बाईंनी आधी त्यांच्या नाकाकडे नीट बघून घेतलं, आणि मग हात पुढे केला. साहेबांनी तो असा पकडला की बाईंची बोटं दुखायला लागली.

विमान धावायला लागलं. धावतंय, धावतंय, उडायचं नावच नाही.

‘पाय वर,’ बाई म्हणाल्या.

‘काय?’

‘घ्या हो! विचारत काय बसता?’

साहेबांनी घेतले. पायांमुळे विमान उडालं असं बाईंचं अजिबात म्हणणं नाही. पाय खाली होते तोवर ते नुसतं धावत होतं, एवढंच त्या सांगतात.

लेकीच्या घरी पोचल्यावर दार उघडायला लेक आली नाही. जावयानं दार उघडलं. लेक आत कोचावर बसलेली होती, भलं मोठं पोट, आणि दोन्ही पाय स्टुलावर ठेवलेल्या उशीवर. आईला बघून ती उठायला गेली.

‘बस, बस. हे काय गं?’

‘डॉक्टरांनी सांगितलंय. दिवसभर पाय वर.’

बाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. जावई घाबरून पाणी आणायला गेले. लेकीनं विचारलं, ‘आई, गुडघा कसा आहे?’

‘गुडघ्याला काय धाड भरलीय? खोटं होतं ते,’ बाई म्हणाल्या. ‘खोटं-खोटं नव्हे, खोटं. मला विमानाची भीती वाटत होती.’

‘मला माहीत होतं.’

‘माहीत होतं? कधीपासून?’

‘लहानपणी तू मला झोका द्यायचीस तेव्हापासून. स्वतः कधी बसली नाहीस.’ लेकीनं मान खाली घातली. ‘मला वाटलं होतं, या वेळीही तू येणार नाहीस.’

बाई जवळची खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसल्या. लेक आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होती.

‘आई,’ ती म्हणाली, ‘मला पण भीती वाटतेय गं. फार.’

आणि रडायला लागली. बाईंनी पिशवीतला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

‘आधी नाक पूस,’ त्या म्हणाल्या. ‘मग दे हात.’